सोन्याच्या खाणीकडून दान नको, देणं हवं

दुर्गम भागातल्या खाणींवर मराठीत जो वाद चालतो, तो बहुतेक वेळा फोटोंचा वाद असतो. एका बाजूनं कंपनीनं बांधलेला दवाखाना, रंगवलेली शाळा, पाण्याची टाकी दाखवली जाते. दुसऱ्या बाजूनं खोल खड्डा, करड्या गाळाचं तळं, तोडलेली झाडं. विषय गडचिरोलीच्या लोहखनिजाचा असो, कर्नाटक-आंध्रातल्या सोन्याचा असो की आफ्रिकेतल्या एखाद्या बड्या कंपनीचा, मांडणी तीच. सरकारला सत्तर वर्षांत जमलं नाही ते कंपनीनं पाच वर्षांत करून दाखवलं, असं एक म्हणतो. ही उघड लूट आहे, असं दुसरा म्हणतो. शाळा-दवाखाना ही खाणीची किंमत आहे, हे मात्र दोघंही न तपासता धरून चालतात. भांडण उरतं ते फक्त ती किंमत पुरेशी आहे की नाही याचं. माझं म्हणणं असं की हा हिशेबच चुकीच्या वहीत मांडला जातोय. एखाद्या ठिकाणी खाण असावी की नसावी, हे त्या ठिकाणचा दगड, पाणी आणि माणसं पाहून ठरेल. पण जिथं खाण होईल तिथं कंपनीनं विकास करायला जाऊ नये. तिनं खाण सुरक्षित चालवावी, काढलेल्या प्रत्येक ग्रॅममागचं ठरलेलं देणं स्थानिकांच्या ताब्यातल्या निधीत भरावं आणि खाण बंद करायचे पैसे पहिला सुरुंग उडण्याआधी जमा करावेत.

मराठवाड्यात बसून सोन्याच्या खाणीवर कशाला बोलायचं, असं कुणी विचारील. आपल्या पायाखाली तर काळा पाषाण आहे. भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या बोअरमध्ये सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट ओलांडावा लागला, तेव्हा कुठं खालचा जुना खडक लागला. नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला, तर जवळपास सगळीकडे हेच. सोन्याच्या शिरा असतात त्या याहून कितीतरी जुन्या, धारवाडी पट्ट्यांतल्या खडकात. पण असा एक पट्टा रायचूर जिल्ह्यात आहे, आणि रायचूर १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात होतं. तिथल्या हट्टीच्या खाणीत सापडलेली जुनी कामं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. जवळच मस्कीला अशोकाचा शिलालेख १९१५ मध्ये उजेडात आला, तोही निजाम सरकारसाठी सोनं शोधत फिरणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्यामुळे. अशोकाचं नाव ज्यात स्पष्ट वाचता आलं तो हा पहिला लेख. सोन्याच्या मागे लागलेली माणसं या मुलखात नवीन नाहीत.

सोन्याच्या करारात सामान्य माणूस कसा नागवला जातो, हेही या मुलखानं पाहिलं आहे. १८८६ मध्ये निजामाच्या राज्यातल्या खनिजांचा ९९ वर्षांचा हक्क वॉटसन आणि स्टुअर्ट या दोन इंग्रजांना दिला गेला. त्यांनी लंडनमध्ये दहा लाख पौंड भांडवलाची कंपनी काढली आणि एक लाख शेअरपैकी ८५ हजार शेअर पूर्ण पैसे भरल्याचं दाखवून स्वतःच्या बाजूला ठेवले. या व्यवहारात निजामाच्या बाजूनं असलेला अधिकारी अब्दुल हक यानं पुढं त्यातलेच शेअर चढ्या भावानं निजाम सरकारला विकले. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटची समिती बसली, अब्दुल हकची नोकरी गेली, वर्तमानपत्रं महिनोन् महिने गाजली. एक तोळा सोनं निघायच्या आत या धंद्यातला मोठा पैसा झाला होता, तो कागदावर. ज्या राज्याची खनिजं होती त्यातल्या रयतेला, त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेडची रयतही आली, कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हणून मी म्हणतो की खाणीचा खरा प्रश्न खड्डा खणताना पडत नाही, सही होताना पडतो.

आता जरा आजच्या काळात या. हट्टीची कंपनी १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स या नावानं उभी राहिली आणि आज ती कर्नाटक सरकारच्या मालकीची आहे. म्हणजे परदेशी भांडवलदार नाही, खाजगी नफेखोर नाही. सरकारी खाण, जवळपास आठ दशकं, देशातली सोन्याची प्रमुख खाण. मग रायचूर जिल्हा किती पुढं गेला? २०१२ मध्ये घटनादुरुस्ती करून त्या मागास भागाला घटनेच्या ३७१(जे) कलमाखाली खास दर्जा द्यावा लागला. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित, म्हणजे विकासात मागं राहिलेल्या, जिल्ह्यांची जी यादी काढली, तिच्यात रायचूर आहे. त्याच यादीत आपला धाराशिव आहे, ज्याच्या पोटात सोन्याचा कण नाही. गडचिरोलीही आहे. खाणीमुळे रायचूर मागास राहिलं, असं मी म्हणत नाही. एक खाण जिल्ह्याचं नशीब पालटत नाही, एवढंच ही यादी सांगते. आणि खाण आली की विकास आला, हे वाक्य ज्यांच्या तोंडी सारखं असतं त्यांनी ती एकदा वाचावी.

सोन्याची खाण म्हणजे नेमकं काय चालतं, हे माहीत नसताना तिच्या बाजूनं किंवा विरोधात बोलण्यात अर्थ नाही. चांगल्या भूमिगत खाणीत एक टन दगडात तीन-चार ग्रॅम सोनं असतं. आपल्याकडं एक टन ऊस गाळला तर शंभर किलोच्या आसपास साखर मिळते, बगॅस जळतो, मळी विकली जाते, प्रेसमड शेतात जातो. सोन्याच्या बाबतीत एक टन दगडातून चार ग्रॅम बाहेर जातं आणि जवळपास पूर्ण टनच्या टन तिथंच राहतो. हा धंदा मुख्यतः दगड दळण्याचा आणि गाळ साठवण्याचा आहे; सोनं त्यातला सगळ्यात छोटा भाग.

दगड आधी जॉ क्रशरमध्ये फोडतात, मग बॉल मिलमध्ये पाण्यासोबत दळून ७५ मायक्रॉनच्या आसपास आणतात. त्यात चुना घालून सामू साडेदहाच्या वर ठेवतात आणि मग सोडियम सायनाइडचं अगदी पातळ द्रावण सोडतात, साधारण ०.०५ टक्के किंवा त्याहून कमी. चुना कशासाठी? सामू खाली घसरला तर सायनाइडचा वायू होतो आणि टाकीवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं. चोवीस तास किंवा जास्त वेळ हवा फुंकत ढवळल्यावर सोनं द्रावणात उतरतं, ते नारळाच्या करवंटीच्या सक्रिय कोळशावर बसवतात, गरम कॉस्टिक द्रावणानं सोडवतात, विजेनं स्टील वूलवर जमवतात आणि टाकणखार घालून वितळवून त्याची लगड ओततात. दगडातलं ९०-९२ टक्के सोनं असं हाती लागतं. मागं राहतो तो गाळ, ज्याला खाणवाले टेलिंग म्हणतात. सल्फर डायऑक्साइड आणि हवेनं त्यातलं सायनाइड मोडून ते बांध घातलेल्या तळ्यात सोडायचं असतं. तळ्यात जाणाऱ्या गाळात सहज सुटणारं सायनाइड लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत हवं, ही जगभर मानली जाणारी मर्यादा.

बिघडतं ते बहुधा याच तळ्यात. बांध एकदम उभा करत नाहीत. गाळ वाढेल तसा टप्प्याटप्प्यानं चढवतात, आणि पैसे वाचवायचे असले की नवा टप्पा जुन्या गाळावरच टेकवतात. आतलं पाणी काढणारे निचऱ्याचे पाइप चोंदले, तळ्यातलं पाणी बांधाच्या कडेला टेकलं आणि त्यात मोठा पाऊस आला, की बांध भिजून खचतो. रुमानियात बाया मारेला ३० जानेवारी २००० रोजी असंच झालं. पाऊस आणि वितळणारा बर्फ एकत्र आले, बांध फुटला, सायनाइड मिसळलेलं सुमारे एक लाख घनमीटर पाणी नदीत गेलं आणि खाली हंगेरीपर्यंत तिसा नदीतले मासे मेले. दुसरा धोका सावकाश येतो. सोन्याच्या दगडात बऱ्याचदा गंधकयुक्त खनिजं असतात, त्यांच्यासोबत आर्सेनिक असतं. दळलेल्या दगडाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि आर्सेनिक झिरपत विहिरींपर्यंत जातं. तिसरा धोका वाळलेल्या गाळाच्या धुळीचा. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्याशेजारी ज्यांची शेती आहे, त्यांना उन्हाळ्यातला वारा म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचाही हिशेब करू. रोज २,००० टन दगड दळणारी मध्यम खाण धरा. तळ्यातलं पाणी फिरवून वापरलं तरी टनामागे सहाशे लिटर नवं पाणी लागलं, तर रोजचे बारा लाख लिटर झाले. दहा हजार लिटरचे १२० टँकर, रोज, वर्षभर. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आणि ज्या परळीचं वीजकेंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तिथल्या वाचकाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. खाणीसमोर उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा तो शाळेचा नाही. हे १२० टँकर कुठून येणार, आणि दुष्काळाच्या वर्षी आधी कुणाचा नळ बंद होणार, हा तो प्रश्न.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर मजबूत आहे. दुर्गम भागात सरकार पोचत नाही, कंपनी पोचते. काँगोच्या ईशान्य कोपऱ्यातल्या किबाली खाणीनं जिथं वीज नव्हती तिथं तीन जलविद्युत केंद्रं उभी केली. कॅनडाच्या उत्तरेला मेडोबँक खाणीसाठी बेकर लेक गावापासून ११० किलोमीटरचा बारमाही रस्ता झाला, जो सरकारनं आणखी पन्नास वर्षं केला नसता. आपल्याकडं कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, ती बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागण्याच्याही आधी. हे सगळं खरं आहे. रस्त्यानं बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोचते, तेव्हा रस्ता कुणी केला याची चिकित्सा तिचं घर करत नाही, आणि कुणी करावी अशी अपेक्षाही ठेवू नये. दुसरा मुद्दाही वजनदार आहे. कंपनीला हाकलून दिल्यावर सोनं जमिनीतच राहतं, असं नाही. आफ्रिकेत आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात लाखो माणसं हातानं दगड फोडून पाऱ्यात सोनं पकडतात आणि तो पारा उघड्यावर जाळतात. जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा याच कामाचा आहे. आपल्या सराफ्यातली माती धुणाऱ्या झारेकऱ्याला पाऱ्याचा आणि तेजाबाचा त्रास काय असतो, हे विचारा. नीट चालवलेली मोठी खाण याहून नक्की बरी.

पण रस्ता आणि वीज ही खाणीचीच गरज होती, हेही त्यासोबत बोललं पाहिजे. बॉल मिल विजेवर चालते, दळणाचं सामान रस्त्यानं येतं. गावाला त्याचा लाभ मिळाला ही चांगली गोष्ट, पण ती कंपनीची देणगी नव्हे. आणि खाणीच्या गरजेला बांधलेली सोय खाणीचं आयुष्य संपलं की संपते. कोलारला पाहा. सव्वाशे वर्षांच्या आसपास चाललेली खाण, तीन किलोमीटरहून खोल, आठशे टनांच्या घरात सोनं. सुरुवातीला टनामागे चाळीसहून जास्त ग्रॅम मिळायचं, शेवटी तीनच्या आसपास आलं आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर खाण बंद झाली. कंपनीचा दवाखाना तिच्यासोबत गेला. पाणी, घरं, साफसफाई सगळं कंपनीचं होतं, त्यामुळे नगरपालिकेला त्यातलं काही चालवायची सवयच नव्हती. आज तिथली हजारो माणसं पहाटेची रेल्वे धरून बंगळूरला कामाला जातात, आणि तीन कोटी टनांहून जास्त गाळाचे ढिगारे वस्तीच्या शेजारी उभे आहेत. कोलारला शाळा-दवाखाने कमी पडले होते का? उलट त्या काळात देशातल्या फार थोड्या गावांना मिळाल्या असतील एवढ्या सोयी तिथं होत्या. चूक एवढीच झाली की त्या सोयींचा मालक गाव नव्हतं.

सोयी दिल्या म्हणजे लोक खूश राहतात, हेही खरं नाही. पापुआ न्यू गिनीच्या बोगनव्हिल बेटावर पांगुना ही तांब्या-सोन्याची प्रचंड खाण १९७२ मध्ये सुरू झाली. कंपनीनं अरावा हे आख्खं शहर वसवलं, दवाखाना दिला, स्थानिक मुलांना तांत्रिक शिक्षण दिलं. विकासकामांच्या दृष्टीनं ती आदर्श कंपनी ठरली असती. १९८९ मध्ये जमीनमालकांनी विजेचे मनोरे उडवून ती बंद पाडली आणि त्यातून जवळजवळ दहा वर्षांचं युद्ध पेटलं. त्यांचा राग दवाखान्यावर नव्हता. नदी गाळानं भरली, उत्पन्नातला नगण्य हिस्सा हाती आला आणि कुठल्याच निर्णयात त्यांना विचारलं गेलं नाही, यावर होता.

मराठवाड्याकडं याचा स्वतःचा पुरावा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यात ठेकेदार होते, देणगीदार संस्था होत्या, मन मोठं करून आलेला पैसा होता. सरळ रेषेत रुंद रस्ते, एकसारखी घरं, गाव शेतापासून लांब, गोठ्याला जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, भाऊ-भाऊ वेगवेगळ्या रांगांत. त्याच कार्यक्रमात दुसरा भाग होता दुरुस्तीचा. लाखाहून जास्त घरांना मालकाच्या हातात टप्प्याटप्प्यानं पैसे मिळाले, अभियंता सल्ल्याला आला, गावागावांत संवाद सहायक म्हणून नेमलेल्या बायकांनी लोकांना माहिती दिली, आणि भिंत कशी बांधायची हे घरच्यांनी ठरवलं. पहिल्या प्रकारात पैसा जास्त, समारंभ मोठे. दुसऱ्यात निर्णय घरचा. कुठल्या प्रकारात माणसं घराशी लवकर रुळली, हे त्या भागात कुणालाही विचारा. हाच फरक मला खाणीच्या बाबतीत दाखवायचा आहे. किती खर्च झाला याच्या आधी तो कुणी ठरवला, हे विचारलं पाहिजे.

मग देणं किती? वरची २,००० टनांचीच खाण घेऊ. वर्षाला ३३० दिवस चालली तर ६ लाख ६० हजार टन दगड. टनामागे ३ ग्रॅम धरले तर दगडात १,९८० किलो सोनं. भाव १० ग्रॅमला एक लाख धरला तर त्याची किंमत १,९८० कोटी रुपये. सोन्याची रॉयल्टी दगडातल्या सोन्याच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे सुमारे ७९ कोटी, आणि ती राज्याच्या तिजोरीत जाते. खाणबाधित भागाला मिळतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी, जो २०१५ च्या दुरुस्तीनं आला. इथं एक बारीक गोष्ट आहे, जिच्यावर आपल्या वादात कुणी बोलत नाही. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेल्या खाणपट्ट्यांना या निधीत रॉयल्टीच्या ३० टक्के भरावे लागतात. त्यानंतर लिलावानं दिलेल्या पट्ट्यांना फक्त १० टक्के. म्हणजे आपल्या उदाहरणात जुन्या पट्ट्यावर जवळपास २४ कोटी, नव्या पट्ट्यावर ८ कोटीही नाहीत. लिलावात कंपनी जो प्रीमियम देते त्यातून हे भरून निघतं, असं सांगतात. पण तो प्रीमियम राज्याला जातो, गावाला नाही. त्याच खड्ड्याशेजारच्या, त्याच धुळीतल्या गावाचा हिस्सा तारखेवरून एक तृतीयांश का व्हावा? कंपनीची सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीपोटीची, रक्कम याच्याशेजारी ठेवून पाहा: सरासरी नफ्याच्या २ टक्के. नफा ३०० कोटी असला तर ६ कोटी. या ६ कोटींच्या फोटोंवर आपण महिनोन् महिने भांडतो, आणि निधीच्या टक्केवारीत गेलेल्या १६ कोटींचा उल्लेखही होत नाही.

यावर लगेच उत्तर येतं की खनिज निधी तरी कुठं नीट वापरला जातो? अनेक राज्यांत तो पडून राहिला आहे, कुठं जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतींवर आणि रस्त्यांवर गेला आहे. तो राज्याच्या तिजोरीकडं वळवू नका, असा आदेश २०२१ मध्ये केंद्राला काढावा लागला. जिल्हाधिकारी अध्यक्ष, त्यामुळे बदली झाली की प्राधान्यही बदललं. हे सगळं मान्य. कंपनीचा माणूस गावात राहतो आणि नळाची तोटी तुटली तर दुसऱ्या दिवशी बदलून देतो, हेही मान्य. पण म्हणून निधी सोडून कंपनीच्या मर्जीवर जगायचं, हा त्याचा इलाज होऊ शकत नाही. निधीचा ताबा खाली आणायचा, हा इलाज आहे. ते अशक्य नाही. घानात अहाफो खाणीच्या कंपनीनं २००८ मध्ये भोवतालच्या गावांशी लेखी करार केला: विकलेल्या प्रत्येक औंसामागे १ डॉलर आणि नफ्याचा १ टक्का एका प्रतिष्ठानात, ज्यात गावांचे प्रतिनिधी बसतात. रक्कम फार मोठी नाही, पण ती सोन्याच्या वजनाला बांधलेली आहे, साहेबाच्या मनाला नाही. कॅनडातल्या नुनावुतमध्ये तर १९९३ च्या जमीन-कराराच्या २६ व्या कलमानंच मोठा प्रकल्प सुरू होण्याआधी तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांच्या संघटनेशी लाभ-नुकसानीचा करार बंधनकारक केला आहे. मेडोबँकचं काम त्या वाटेनंच गेलं. नोकऱ्या किती, ठेके कुणाला, शिकाऊ कामगार किती, हे खाणीआधी कागदावर आलं. कंपनी तिथंही नफाच कमवायला आली होती. फरक पडला तो समोर बसलेल्या माणसांच्या हातात कायदा होता म्हणून.

आपल्या नियमावलीत याला जागा आहे, ही समाधानाची गोष्ट. निधीतला काही भाग खाण संपल्यानंतरच्या काळासाठी राखून ठेवता येतो. अनुसूचित क्षेत्रात निधीच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. मराठवाड्यात किनवट तालुक्यातली गावं त्यात मोडतात. ही मंजुरी फक्त अनुसूचित क्षेत्रापुरती का? खाण ज्या गावाच्या विहिरीचं पाणी बदलते त्या प्रत्येक गावाला ती हवी.

आणि आता ज्या मुद्द्यावर कंपन्या आणि त्यांचे विरोधक दोघंही सर्वांत कमी बोलतात, तो. खाण बंद करणं. कॅनडातल्याच येलोनाइफजवळची जायंट माइन १९४८ ते २००४ चालली. तिथला दगड भाजून सोनं काढायचे, त्या धुरात आर्सेनिक ट्रायऑक्साइड होतं. सुरुवातीच्या वर्षांत ते हवेत सोडलं गेलं. १९५१ मध्ये बर्फाचं पाणी पिऊन तिथल्या आदिवासी वस्तीतलं दोन वर्षांचं मूल दगावलं. पुढं ती पूड धरून खाणीच्याच पोटात भरली गेली, २ लाख ३७ हजार टन. १९९९ मध्ये मालक कंपनी दिवाळखोर झाली. पूड पाण्यात विरघळते, म्हणून आजूबाजूची जमीन कायमची गोठवून ठेवायची योजना आहे, आणि २०२२ मधला तिचा अंदाज ४३८ कोटी कॅनेडियन डॉलर. ते करदाते भरताहेत. त्या खाणीनं शहराला नोकऱ्या दिल्या नव्हत्या का? भरपूर दिल्या होत्या.

आपल्याकडं मोठ्या खाणींना बंद करण्यापोटी आर्थिक हमी द्यावी लागते. २०२१ मध्ये ती वाढवून वापरातल्या क्षेत्राच्या हेक्टरमागे ५ लाख केली गेली. आपल्या उदाहरणातल्या खाणीनं २०० हेक्टर वापरलं तर हमी १० कोटी. वीस वर्षांत ती साठवणार १ कोटी ३२ लाख टन गाळ. टनामागे आठ रुपयेही पडत नाहीत. या पैशात तळ्यावर मातीचा थर, गवत, पावसाच्या पाण्याचे चर, भोवतालच्या विहिरींची वर्षानुवर्षं तपासणी, यातलं काय होणार? हमी हेक्टरवर मोजणं हेच मुळात चुकीचं आहे. भूमिगत खाणीचं क्षेत्र लहान असतं आणि गाळ डोंगराएवढा. ती गाळाच्या टनावर आणि त्यातल्या आर्सेनिक-गंधकाच्या प्रमाणावर मोजली पाहिजे, आणि दर वर्षी वाढली पाहिजे.

खाणीच्या विरोधकांनाही इथं दोन शब्द सांगायचे आहेत, कारण त्यांची तळमळ खरी आहे आणि तिचं बळ वाया जाताना दिसतं. सायनाइड हा शब्द उच्चारला की सभा जिंकल्यासारखं वाटतं. पण सायनाइड उन्हात आणि हवेत मोडतं; नीट चालवलेल्या कारखान्यात ते आटोक्यात ठेवता येतं. आर्सेनिक मोडत नाही. वाहतुकीचे अपघात कुणाच्या आराखड्यात ठळक नसतात. पेरूमध्ये यानाकोचा या सोन्याच्या खाणीतून निघालेल्या ट्रकमधून २ जून २००० रोजी चोरोपाम्पाच्या रस्त्यावर १५१ किलो पारा सांडला. तो सोन्यासोबत दगडातून निघालेला होता. चकाकणारे थेंब मौल्यवान असतील म्हणून गावातल्या माणसांनी, पोरांनी ते उघड्या हातांनी गोळा करून घरात नेले. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. खाणीपासून लांबच्या, रस्त्याकडेच्या गावाला आपल्या कायद्यात ‘बाधित’ म्हणायला किती जण तयार होतील?

म्हणून जनसुनावणीला जायचं ते तयारीनं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार तिची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळायला हवा. तो मागून घ्यायचा, आणि नोकऱ्या किती याच्या आधी हे विचारायचं: दगडातल्या गंधकाची आणि आर्सेनिकची चाचणी किती नमुन्यांवर झाली, बांध कुठल्या पद्धतीनं चढवणार, शंभर वर्षांतला मोठा पाऊस धरला तर पाणी आणि बांधाची कड यांत किती अंतर उरतं, तळ्याच्या तळाशी गळती रोखणारं अस्तर आहे का, खाण सुरू होण्याआधी भोवतालच्या विहिरींचं पाणी तपासून त्याची नोंद गावाला दिली का. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आधीची नोंद नसली की पुढं आर्सेनिक सापडलं तरी ‘ते आधीपासूनच होतं’ असं म्हणायला कंपनी मोकळी. आणि जनसुनावणी म्हणजे संमती नव्हे, हे लक्षात ठेवायचं. तिथं फक्त हरकती नोंदवल्या जातात. संमती विचारली गेली ती ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीसाठी, सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१३ च्या निकालानंतर. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही नाही म्हणाल्या, आणि बॉक्साइट डोंगरातच राहिलं. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याशीच कंपनी गांभीर्यानं करार करते. निधी ३० टक्के, हमी टनावर, विहिरींची आधीची नोंद आणि ग्रामसभेचा ठराव, या चार अटी लिलावाच्या निविदेतच छापल्या पाहिजेत, म्हणजे बोली लावणारा त्या धरूनच भाव काढेल.